काशीचे नागोजीभट्ट काळे

संस्कृत व्याकरणाचे नाव काढले की आपल्या कॉलेजात दोन गोष्टी घडतात. ज्यांनी संस्कृत घेतले आहे ते कपाळाला हात लावतात आणि ज्यांनी घेतलेले नाही ते आपण सुटलो म्हणून हसतात. मी न घेतलेल्यांपैकी. माझा विषय तत्त्वज्ञान. तरीही वार्षिक अंकासाठी चरित्रलेख लिहायचे ठरले तेव्हा मी एका वैयाकरणाची निवड केली, याचे मैत्रिणींना नवल वाटले. ज्या थोर पुरुषांवर दरवर्षी लेख येतात ते येतच राहावेत. परंतु ज्यांनी आयुष्यभर ‘शब्दाचा अर्थ म्हणजे काय’ या एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला, अशा माणसाचे चरित्र आपल्या अंकात क्वचितच येत असेल. शिवाय ते आडनावाने काळे होते. काशीच्या गल्लीत राहणारे, पण मराठी घरातले.

नागेशभट्ट, किंवा नागोजीभट्ट, यांचा काळ अभ्यासक साधारणपणे इ. स. १६७० ते १७५० असा धरतात. वडिलांचे नाव शिवभट्ट, आईचे सती. घराण्याचे उपनाम काळे. मराठी घराणे काशीला कसे, असे कोणी विचारील, तर त्या वेळी काशीत महाराष्ट्रीय विद्वानांची मोठी वस्तीच होती. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात तिथे गेले. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट हे काशीतील धर्मशास्त्राचे अग्रणी झाले आणि त्याच घराण्यातील गागाभट्ट १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. मावळातल्या मुलाला गागाभट्टांचे नाव चौथीच्या इतिहासातच कळते. नागेशभट्टांचे कळत नाही, कारण ते कोणाच्याही राज्याभिषेकाला गेले नाहीत.

किंबहुना ते कोठेच गेले नाहीत. जयपूरचे सवाई जयसिंह यांनी अश्वमेध यज्ञ करण्याचे मनात आणून नागेशभट्टांना बोलावणे पाठविले, तेव्हा आपण क्षेत्रसंन्यास घेतला आहे, काशी सोडून बाहेर पाऊल टाकणार नाही, असे कळवून त्यांनी ते मानाचे निमंत्रण परत केले, अशी कथा पंडितांमध्ये सांगितली जाते. राजाचे बोलावणे म्हणजे दक्षिणा, शालजोडी, कदाचित गावही. ते नाकारणारा माणूस श्रीमंत असेल असे वाटते. पण नागेशभट्टांचे पोट गंगाकाठच्या शृंगवेरपूरच्या राम नावाच्या राजाने दिलेल्या वृत्तीवर चालत असे, आणि हे त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. वाल्मीकिरामायणावरील ‘तिलक’ ही प्रसिद्ध टीका या राजाच्या नावावर आहे. ती लिहिली मात्र नागेशभट्टांनी, असे परंपरा मानते. गुरू हरि दीक्षितांच्या नावावरील ‘शब्दरत्न’ या ग्रंथाविषयीही तेच सांगतात. एक ग्रंथ अन्नदात्याला आणि एक ग्रंथ गुरूला! आजकाल आपण एकमेकांच्या वह्यांवरून टिपणे उतरवतो तेव्हा नेमके उलटे करतो, हे जाता जाता सांगितलेच पाहिजे.

हरि दीक्षित हे ‘सिद्धान्तकौमुदी’ लिहिणाऱ्या भट्टोजी दीक्षितांचे नातू. म्हणजे नागेशभट्ट भट्टोजींच्याच परंपरेतले. न्यायशास्त्र ते रामराम नावाच्या गुरूंकडे शिकले. भट्टोजी आणि जगन्नाथ पंडित यांचे हाडवैर प्रसिद्ध आहे. जगन्नाथांनी भट्टोजींच्या ‘प्रौढमनोरमे’वर असा ग्रंथ लिहिला की त्याचे नावही सभ्य माणसाने मोठ्याने उच्चारू नये. असे असता भट्टोजींच्या परंपरेतील नागेशभट्टांनी जगन्नाथांच्या ‘रसगंगाधरा’वर टीका लिहिली. जिथे पटले नाही तिथे खंडन केले, पण ग्रंथ वाचण्यासारखा आहे हे मानले. मला त्यांच्या स्वभावातली ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे निवडणुकीनंतर वर्गातल्या दोन गटांत वर्षभर बोलणे नसते.

त्यांची ग्रंथसंपदा इतकी आहे की नुसती नावे लिहिली तरी पान भरेल. पतंजलीच्या महाभाष्यावर कैयटाची ‘प्रदीप’ ही टीका आहे, तिच्यावर ‘उद्द्योत’. व्याकरणाच्या अर्थनिर्णयाचे नियम सांगणारा ‘परिभाषेन्दुशेखर’. कौमुदीवरचा ‘शब्देन्दुशेखर’, तोही बृहत् आणि लघु असा दोन आकारांत. आणि शब्दार्थाच्या तत्त्वज्ञानावर ‘मंजूषा’, ती तर तीन आकारांत. मोठी, लघु आणि परमलघु. माझ्यासारखीने परमलघूपलीकडे जाण्याचा प्रयत्न करू नये असे सरांनी आधीच बजावले होते. ती परमलघुसुद्धा मी सरांच्या मदतीने आणि मराठीतून समजावून घेत वाचली.

नागेशभट्टांना मूलबाळ नव्हते. ‘शब्देन्दुशेखर’ हा मुलगा आणि ‘मंजूषा’ ही मुलगी समजून आपण ही दोन्ही अपत्ये शिवपार्वतीच्या चरणी अर्पण केली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ज्यांच्या आईबापांची नावे शिव आणि सती, त्यांनी आपली मुले शिवपार्वतीच्या ओटीत घालावी! म्हणजे नातवंडे आजीआजोबांकडे गेली असेही म्हणता येईल. पण हा माझा तर्क, शास्त्राचा नव्हे. ‘परिभाषेन्दुशेखरा’च्या अखेरीस जी परिभाषा आहे तिचा आशय असा, की सूत्रात अर्धी मात्रा जरी वाचली तरी वैयाकरणाला घरात मुलगा झाल्याचा आनंद होतो. ही परिभाषा नागेशभट्टांच्या आधीपासून चालत आलेली आहे. पंडित ती विनोदाने सांगतात. निपुत्रिक नागेशभट्टांनी तिच्यावर टीका लिहिली तेव्हा ते हसले असतील काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता त्यांच्या खऱ्या कामाकडे वळते.

शब्द ऐकला की अर्थ कळतो. का कळतो? आपल्या लोणावळ्याची चिक्की घ्या. ‘चिक्की’ हा शब्द आणि ती गुळाची वडी यांच्यात नाते काय? वैयाकरणांचे म्हणणे असे की शब्द आणि अर्थ यांत तादात्म्य, म्हणजे एकरूपता आहे. त्यावर नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्रातले पंडित, टोमणा मारीत : मग ‘मध’ म्हटल्याबरोबर तोंड गोड झाले पाहिजे आणि ‘अग्नी’ म्हटल्याबरोबर जीभ भाजली पाहिजे! नागेशभट्ट उत्तर देतात की ही एकरूपता वस्तूतली नव्हे, मनाने केलेली आहे. दोन्ही वेगळी असूनही एक भासतात. आणि शब्दाचा जो अर्थ म्हणायचा तोही बाहेरचा पदार्थ नसून बुद्धीत उभा राहिलेला पदार्थ होय. त्यामुळे ‘चिक्की’ म्हणून दात चिकटत नाहीत. तोंडाला पाणी मात्र सुटते, यावर मंजूषेत काही सापडले नाही.

एका शब्दाला दोन अर्थ असले तर? शास्त्रातले ठरलेले उदाहरण ‘सैंधव’. त्याचा अर्थ मीठही होतो आणि सिंधुदेशचा घोडाही. जेवणाच्या पानावर बसलेल्याने सैंधव मागितले तर घोडा आणून उभा करायचा नाही. प्रसंग पाहून वक्त्याचे तात्पर्य ठरवायचे. आपल्या नाणे मावळात हे उदाहरण समजायला घोडा लागत नाही. ‘इंद्रायणी’ म्हटले की नदी आणि इंद्रायणी म्हटले की भात. चुलीपाशी बसलेल्या आईने इंद्रायणी काढायला सांगितली तर कोणी घागर घेऊन नदीवर जात नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लावणी असते, म्हणजे भाताची. आवणीही म्हणतात. शहरातून आलेल्या पाहुण्यांना उद्या लावणी आहे म्हणून सांगितले, तर त्यांनी ढोलकी कुठे आहे म्हणून विचारले. प्रसंग सुटला की अर्थ असा घसरतो.

मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’च्या परंपरेतही नागेशभट्टांनी टीका लिहिली. तिथे सूर्य मावळल्याचे उदाहरण येते. एवढे एकच वाक्य गुराख्याला गुरे आवरायला सांगते, चोराला कामाला लागायला सांगते, संध्या करणाऱ्याला संध्येची आठवण देते. आमच्या भागाचे नावच मुळी मावळ. दिवस मावळतो त्या दिशेचा मुलूख म्हणून मावळ, असे जुनी माणसे सांगतात. आमच्या वर्गात दिवस मावळला असे कोणी म्हटले तर अर्धा वर्ग पुण्याच्या लोकलसाठी उठेल आणि कामशेतच्या पुढे आत राहणाऱ्या आम्ही मुली एस. टी. गेली की काय म्हणून घाबरू. वाक्य तेच. जे शब्दात नाही पण शब्दामुळेच कळते, त्याला ‘व्यंजना’ म्हणतात. नैयायिक ती वेगळी मानायला तयार नव्हते. नागेशभट्टांनी ती व्याकरणातही मानली पाहिजे असे ठासून सांगितले.

परंतु ज्या वादासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो वेगळाच आहे.

नैयायिकांचे मत असे होते की अर्थ सांगण्याची शक्ती फक्त शुद्ध, म्हणजे संस्कृत शब्दांत आहे. ती ईश्वराच्या इच्छेने आली आहे. लोकांच्या तोंडचे जे शब्द, ते अपभ्रंश. त्यांत स्वतःची शक्ती नाही. मग ‘गाय’ म्हटल्यावर गाय कशी कळते? तर म्हणे ऐकणाऱ्याला त्या अशुद्ध शब्दावरून मूळ शुद्ध शब्द आठवतो आणि त्या शुद्ध शब्दामुळे अर्थ कळतो. किंवा अशुद्ध शब्दातच शक्ती आहे असा त्याला भ्रम होतो. थोडक्यात, आमची आई जन्मभर जे बोलत आली ते सगळे एक तर उसने किंवा भ्रम.

वैयाकरणांनी हे मानले नाही. भट्टोजींचे पुतणे कौंडभट्ट यांनी या मताला विरोध केला होता. नागेशभट्टांनी मंजूषेत तो अधिक धारदार केला. त्यांची विचारसरणी माझ्या शब्दांत अशी. शब्दाचा अर्थ लहान मूल कसे शिकते? एक वडीलधारा दुसऱ्याला गाय आणायला सांगतो, तो आणतो. मग गाय बांध, घोडा आण असे सांगतो. मूल हे पाहत असते आणि कोणता शब्द कशाचा हे त्या येण्याजाण्यातून निवडून घेते. व्यवहार हे अर्थ शिकण्याचे सर्वांत मोठे साधन. हा व्यवहार शुद्ध शब्दांचा जसा असतो तसाच अपभ्रंशाचाही असतो. मग शक्ती एकात आहे आणि दुसऱ्यात नाही हे कशावरून ठरवायचे? बरे, अशिक्षित माणसाला शुद्ध शब्द आठवतो म्हणावे, तर तो त्याला मुळात ठाऊकच नाही. ठाऊक नसलेले आठवेल कसे? भ्रम म्हणावा, तर भ्रम कधीतरी उतरतो. दोरीला साप समजलो तर जवळ गेल्यावर दोरी दिसते. लोकांच्या बोलीतून झालेला बोध असा कधी उतरत नाही. पिढ्यान् पिढ्या गाय म्हटले की गायच येते. आणि शेवटचा मुद्दा तर फार मजेचा आहे. स्त्रिया, शूद्र आणि मुले यांच्यापुढे संस्कृत शब्द उच्चारला आणि त्यांना अर्थाची शंका आली, तर ती शंका त्यांच्या बोलीतला शब्द सांगूनच फेडावी लागते. म्हणजे कोण कोणाच्या आधाराने उभे आहे?

मी आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली पहिली. आई अंगठा लावते, वडील जेमतेम सही करतात. आमच्या घरात ‘पानी’ आहे, ‘व्हतं’ आहे, ‘न्हाई’ आहे. शाळेत असताना एकदा मला वर्गासमोर उभे करून ‘ण’ दहा वेळा म्हणायला लावला होता आणि दहाही वेळा तो ‘न’च निघाला. वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षे मी वर्गात शक्यतो ‘ण’ नसलेली उत्तरे देत असे. हे सांगण्याचे कारण एवढेच की तीनशे वर्षांपूर्वी काशीत, संस्कृतात, एक प्रकांड पंडित माझ्या आईसारख्या बाईला साक्षीला बोलावतो आणि तिला पाणी कळते, भ्रमाने नव्हे तर खरेच कळते, असे न्यायशास्त्रापुढे सिद्ध करतो, हे वाचताना माझ्यासाठी ते नुसते शास्त्र राहिले नाही.

तरी सगळेच गोड करून सांगणे बरोबर होणार नाही. ज्या स्त्रियांना आणि शूद्रांना या वादात साक्षीदार केले, त्यांना त्या पाठशाळेच्या उंबऱ्याच्या आत बसून हा वाद ऐकायला मिळत नव्हता. नागेशभट्टांनी त्याविरुद्ध काही केले असे कोठे दिसत नाही. ते त्या व्यवस्थेतलेच एक होते, धर्मशास्त्रावरही त्यांनी पुष्कळ लिहिले. शिवाय अर्थ दोन्हींत सारखा असला तरी पुण्य मात्र शुद्ध शब्दाच्या उच्चारातच आहे, हे पतंजलीपासून चालत आलेले मत त्यांनीही सोडले नाही. शुद्ध शब्द म्हणजे पुण्य देणारा शब्द, असा हिशेब. अर्थ सर्वांना वाटून दिला आणि पुण्य कोठीत ठेवले! आज पुण्याच्या जागी गुण आले आहेत. माझ्या पेपरात अर्थ बरोबर असूनही ‘न-ण’साठी जे कापले जातात ते हेच असावेत. प्राध्यापक मंडळींनी रागावू नये. प्रमाणभाषा नको असे माझे म्हणणे नाही. हा लेखही मी प्रमाणभाषेतच लिहीत आहे, आणि तो दोनदा तपासून घेतला आहे. परंतु अशुद्ध म्हणजे अर्थहीन नव्हे, एवढे नागेशभट्टांनी मिळवून दिलेले मी सोडणार नाही.

आपल्या कार्ल्याच्या लेण्यात हेच मत दगडात पाहायला मिळते. सहलीला आपण सगळेच तिथे जातो, एकवीरेचे दर्शन घेतो, चैत्याच्या लाकडी कमानी पाहून खाली उतरतो. भिंतींवरचे ब्राह्मी लेख सहसा कोणी पाहत नाही. ते संस्कृतात नाहीत, प्राकृतात आहेत. दान देणाऱ्यांत वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, तसा धेनुकाकटचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि दरवाजा करणारा एक सुतारही आहे. नैयायिकांचे खरे मानले तर त्या सुताराने आपल्या दानाचा लेख भ्रमात कोरून घेतला आणि दोन हजार वर्षे लोक तो भ्रमातच वाचीत आले.

आणखी एक वाद सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला लागून आहे. वाक्यार्थ कळण्यासाठी शब्दांना एकमेकांची अपेक्षा हवी, ते जवळजवळ हवेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांशी जुळण्याजोगे हवेत, अशा अटी शास्त्रात सांगितल्या आहेत. या तिसऱ्या अटीला ‘योग्यता’ म्हणतात. नैयायिक म्हणत : माळी विस्तवाने झाडे शिंपतो, या वाक्याचा बोधच होत नाही, कारण विस्तवाने शिंपणे अशक्य आहे. नागेशभट्ट म्हणतात, होतो. पुरावा काय? तर असे बोलणाऱ्याला लोक हसतात. विस्तव काय पातळ आहे, त्याने शिंपतोस कसे, असे विचारतात. अर्थ कळलाच नसता तर हसले कशाला असते? अर्थ बुद्धीत उभा राहतो. बाहेर तसे आहे की नाही हा पुढचा प्रश्न. सशाचे शिंग, वांझेचा मुलगा, हे शब्दही म्हणूनच कळतात.

समजणे वेगळे आणि खरे मानणे वेगळे, हा भेद मला फार मोलाचा वाटतो. आमच्या वाडीत एखाद्या झाडाखालून तिन्हीसांजेला जाऊ नये असे सांगतात. मी आता त्यावर विश्वास ठेवत नाही, पण सांगणारी आजी काय म्हणते ते मला पुरते कळते, आणि कळते म्हणूनच तिच्याशी वाद घालता येतो. शहरातले लोक कधी कधी खेड्यातल्या समजुतींना निरर्थक म्हणतात. निरर्थक नव्हेत, फार तर खोट्या. खोटेपणा दाखवायला आधी अर्थ मानावा लागतो. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात बर्ट्रांड रसेलने १९०५ साली फ्रान्सला राजा नसताना ‘फ्रान्सच्या आजच्या राजा’विषयीच्या वाक्याला अर्थ कसा असतो याचा खल केला. शब्दाचा अर्थ वाक्यात पाहावा, सुटा विचारू नये, असे जर्मनीच्या फ्रेगेने १८८४ साली लिहिले. वैयाकरणांचा ‘वाक्यस्फोट’, म्हणजे मुळात वाक्य हेच अखंड असून शब्द ही शिकवण्यापुरती केलेली फोड, हा सिद्धान्त त्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे सगळे आधीच होते असा याचा अर्थ मी काढीत नाही. दोघांची उत्तरे वेगळी आहेत. प्रश्न मात्र शेजारचे आहेत, आणि अभ्यासक्रमात एकाचीच ओळख होते.

नागेशभट्टांचा वारसा पुढे त्यांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी चालवला. तेही काशीचे मराठीच. त्यांनी गुरूंच्या ग्रंथांवर टीका लिहिल्या. पुण्याला नागेशभट्ट नव्याने पोचले ते एका जर्मन माणसामुळेही. फ्रान्झ किलहॉर्न हे १८६६ पासून पंधराएक वर्षे डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांनी १८६८ ते १८७४ या काळात ‘परिभाषेन्दुशेखर’ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, आणि त्यातले बारकावे इथल्या शास्त्र्यांजवळ बसून समजावून घेतले. पुढे फर्ग्युसन कॉलेजातले वासुदेवशास्त्री अभ्यंकर (१८६२–१९४२) यांनी पतंजलीचे संपूर्ण महाभाष्य मराठीत आणले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९३८ पासून त्याचे खंड काढले, आणि सातवा प्रस्तावनेचा खंड त्यांचे चिरंजीव काशिनाथशास्त्री यांनी १९५४ साली लिहिला. त्याच्या पहिल्या खंडाच्या सुरुवातीला गाईला लोक किती प्रकारच्या ‘अशुद्ध’ नावांनी हाक मारतात याची यादी आहे. व्याकरण न शिकलेल्यालाही तो भाग कळतो. मी त्यातले तेवढेच वाचले आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत आईला वाचून दाखवले. चार नावे ऐकून झाल्यावर तिने आमच्या गाईचे नाव त्यात का नाही म्हणून विचारले.